प्रतिबिंब (चित्रकला व छायाचित्रण)

प्रतिबिंब म्हणजे पाणी, आरसा, काच, घासलेला धातू यांसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाशाचे परावर्तन झाल्यामुळे दिसणारी वस्तूची प्रतिमा होय. भौतिकशास्त्रात हा प्रकाशाच्या वर्तनाचा विषय आहे. चित्रकला व छायाचित्रण या दोन्ही कलांमध्ये मात्र तो रचनेचा, अर्थाचा आणि सत्यासत्यतेचाही विषय ठरतो. प्रतिबिंबाच्या साहाय्याने चित्रकार चौकटीबाहेरची वस्तू चौकटीत आणतो, तर छायाचित्रकार एकाच क्षणी दोन दिशांचे दृश्य टिपतो. महाराष्ट्रात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांपासून मुंबईतील समकालीन चित्रकारांपर्यंत या विषयाची उदाहरणे आढळतात. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात, लासुर्णे ते भिगवण या पट्ट्यात, कालवे, शेततळी आणि उजनी धरणाचा विस्तीर्ण जलाशय यांमुळे प्रतिबिंबांच्या अभ्यासासाठी निसर्गतःच अनुकूल भूमी लाभली आहे.

व्युत्पत्ती व संज्ञा

'प्रतिबिंब' हा शब्द संस्कृत असून तो 'प्रति' हा उपसर्ग आणि 'बिंब' या शब्दापासून बनला आहे. बिंब म्हणजे मूळ वस्तू किंवा तेजोमंडल. त्याच्यासमोर उमटणारी प्रतिकृती ती प्रतिबिंब. मराठीतील 'आरसा' हा शब्द संस्कृत 'आदर्श' या शब्दापासून प्राकृतमार्गे आला आहे. ज्यात पाहावे तो आदर्श, असा त्याचा मूळ अर्थ. पुढे ज्याच्याकडे पाहून आचरण करावे त्यालाही आदर्श म्हटले जाऊ लागले. 'दर्पण' हा शब्द 'दृप्' या धातूपासून आला असून दर्प, म्हणजे गर्व, उत्पन्न करणारे ते दर्पण, अशी त्याची उपपत्ती सांगतात. बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ साली सुरू केलेल्या मराठीतील पहिल्या वृत्तपत्राचे नाव 'दर्पण' असेच होते.

साहित्यशास्त्रात दृष्टान्त अलंकाराचे लक्षण सांगताना 'बिंबप्रतिबिंबभाव' ही संज्ञा वापरतात. अद्वैत वेदान्तात जीव आणि ब्रह्म यांचा संबंध स्पष्ट करणारा 'प्रतिबिंबवाद' प्रसिद्ध आहे. ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभव' या ग्रंथातही आरसा व प्रतिबिंब यांचे दृष्टान्त येतात. त्यामुळे मराठी वाचकाला ही कल्पना चित्रकलेच्या आधी भाषेतून व तत्त्वचिंतनातून परिचित झालेली असते.

प्रकाशशास्त्रीय आधार

परावर्तनाचा मूलभूत नियम असा की, आपाती कोन व परावर्तन कोन समान असतात. सपाट आरशात वस्तू आरशापुढे जितक्या अंतरावर असेल तितक्याच अंतरावर तिची प्रतिमा आरशामागे असल्यासारखी भासते. आरसा डावे-उजवे बदलतो असे सामान्यतः म्हटले जाते. वास्तविक तो पुढची व मागची बाजू उलटवतो. आरशासमोर उभ्या असलेल्या माणसाचा उजवा हात आरशातही त्याच बाजूला दिसतो. आरशातील व्यक्ती वळून आपल्यासमोर उभी आहे अशी कल्पना आपण करतो, म्हणून तो हात डावा वाटतो.

पाणी हा अपूर्ण आरसा आहे. पाण्यावर सरळ वरून पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे २ टक्केच प्रकाश परावर्तित होतो. उरलेला पाण्यात शिरतो. प्रकाश जसजसा तिरपा होत जातो तसतसे परावर्तनाचे प्रमाण वाढते. पृष्ठभागावरील लंबाशी ६० अंशांचा कोन असताना ते सुमारे ६ टक्के, तर ८० अंशांना सुमारे ३५ टक्के होते. त्यामुळे विहिरीत डोकावून पाहताना तळ दिसतो, आणि काठाशी बसून पलीकडे पाहताना तेच पाणी आभाळाने भरलेले दिसते.

पाण्यातील प्रतिबिंब ही वरच्या दृश्याची उलटी नक्कल नसते. पाहणाऱ्याचा डोळा पाण्याच्या पातळीखाली तितक्याच खोलीवर नेला, तर तेथून जे दृश्य दिसले असते ते प्रतिबिंबात उलटे होऊन दिसते. म्हणून पुलाची वरची बाजू पाहणाऱ्यालाही पाण्यात पुलाच्या कमानीचा खालचा भाग दिसतो. झाडामागून डोके काढणारी दूरची टेकडी प्रतिबिंबात त्याच झाडाआड पूर्ण लपू शकते.

पाण्यावर तरंग उठले की प्रत्येक तरंगाचा उतार हा एक लहानसा कललेला आरसा बनतो. अशा असंख्य आरशांतून एकाच वस्तूच्या अनेक प्रतिमा पाहणाऱ्याच्या दिशेने एकाखाली एक उमटतात आणि प्रतिबिंब उभे लांबते. चंद्रोदयाच्या वेळी जलाशयावर दिसणारा प्रकाशाचा पट्टा हा याच क्रियेचा परिणाम होय.

प्रतिबिंब व सावली

प्रतिबिंब व सावली यांची नवशिके चित्रकार अनेकदा गल्लत करतात. सावली प्रकाशाच्या उगमावर अवलंबून असते. सूर्य सरकला की ती सरकते. प्रतिबिंब पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते. पाहणारा सरकला की ते सरकते. एकाच तळ्याच्या काठी उभ्या असलेल्या दोघांना झाडाची सावली एकाच ठिकाणी दिसते, पण पाण्यातील प्रतिबिंब दोघांना वेगवेगळ्या जागी दिसते. तसेच सावली पडण्यासाठी प्रकाश पसरवणारा पृष्ठभाग लागतो. म्हणून गढूळ पाण्यावर सावली स्पष्ट उमटते, तर नितळ खोल पाण्यावर ती जवळजवळ दिसत नाही.

चित्रकलेतील प्रतिबिंब

युरोपीय परंपरा

इटालियन विद्वान आल्बेर्ती याने १४३५ साली चित्रकलेवरील आपल्या ग्रंथात, पाण्यातील स्वतःच्या रूपावर भाळलेल्या नार्सिससला चित्रकलेचा जनक म्हटले. त्याच सुमारास यान व्हान आइक याने 'आर्नोल्फिनी दांपत्य' हे चित्र रंगवले (१४३४, नॅशनल गॅलरी, लंडन). त्यातील मागच्या भिंतीवरच्या बहिर्वक्र आरशात दांपत्याची पाठ आणि दारात उभ्या असलेल्या आणखी दोन व्यक्ती दिसतात. व्हेलाझ्क्वेझच्या 'लास मेनिनास' (१६५६, प्रादो संग्रहालय, माद्रिद) या चित्रात स्पेनचे राजाराणी केवळ आरशात दिसतात. त्यामुळे ते चित्राबाहेर, म्हणजे प्रेक्षकाच्या जागी, उभे असल्याचा भास होतो.

एदुआर माने याच्या 'फोली-बेर्जेर येथील बार' (१८८२, कोर्टोल्ड गॅलरी, लंडन) या चित्रात समोर उभ्या असलेल्या स्त्रीचे आरशातील प्रतिबिंब बरेच उजवीकडे सरकलेले आहे. ही चूक आहे की हेतू, यावर दीर्घ काळ वाद झाला. पुढे छायाचित्राच्या साहाय्याने केलेल्या पुनर्रचनेतून, पाहणारा मध्यभागी नसून एका बाजूला उभा असेल तर असे प्रतिबिंब शक्य आहे, असे दाखवण्यात आले. क्लोद मोने याने जिव्हेर्नी येथील बागेतील कमळतळ्याची सुमारे २५० चित्रे रंगवली. त्यांतील अनेक चित्रांत काठ किंवा क्षितिज दिसतच नाही. आभाळ, ढग व झाडे पाण्यावरूनच ओळखावी लागतात.

आत्मचित्रांच्या बाबतीत आरशाचा परिणाम अनेकांच्या लक्षात येत नाही. व्हिन्सेंट व्हान गॉख याने डिसेंबर १८८८ मध्ये स्वतःचा डावा कान कापून घेतला. १८८९ च्या आरंभी काढलेल्या आत्मचित्रात मात्र पट्टी उजव्या कानावर दिसते, कारण ते चित्र त्याने आरशात पाहून रंगवले होते.

भारत व महाराष्ट्र

भारतीय चित्र-शिल्पपरंपरेत आरसा प्रामुख्याने शृंगाराचे उपकरण म्हणून येतो. अजिंठा येथील १७ क्रमांकाच्या लेण्यात दासींच्या मेळ्यात उभी राहून हातातील आरशात पाहणारी राजस्त्री रंगवलेली आहे. या चित्राचा भर आरशातील प्रतिमेवर नसून पाहण्याच्या क्रियेवर आहे: मानेची कलती ठेवण, हाताची मुद्रा आणि दासींच्या नजरा यांतून आरशातले रूप प्रेक्षकाने कल्पावयाचे असते. मध्ययुगीन मंदिरांच्या बाह्यभिंतींवर कोरलेल्या सुरसुंदरींमध्ये 'दर्पणा' हा एक परिचित प्रकार आहे. कर्नाटकातील बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरातील दर्पणसुंदरी विशेष प्रसिद्ध आहे.

पाण्यातील प्रतिबिंबाचे दृष्टिशास्त्रीय चित्रण भारतात मुख्यतः युरोपीय पद्धतीच्या निसर्गचित्रणाबरोबर रुजले. मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयाने (स्थापना १८५७) या पद्धतीचे शिक्षण दिले आणि महाराष्ट्रात जलरंगातील निसर्गचित्रणाची समृद्ध परंपरा निर्माण झाली. नाशिकचे शिवाजी तुपे आणि पुण्याचे मिलिंद मुळीक यांची नावे या परंपरेत आदराने घेतली जातात. गोदावरीचे घाट, वाईजवळील मेणवलीचा कृष्णाकाठचा घाट आणि पावसाने भिजलेले शहरी रस्ते हे महाराष्ट्रातील जलरंगचित्रांचे आवडते विषय आहेत. या तिन्ही ठिकाणी दगड किंवा डांबर आणि पाणी यांच्या सीमेवर प्रतिबिंब उमटते.

समकालीन कलेत प्रतिबिंबाचा उपयोग नाते सांगण्यासाठीही झाला. मुंबईचे चित्रकार अतुल दोडिया यांच्या 'द बॉम्बे बकॅनिअर' (१९९४) या आत्मचित्रात हिंदी चित्रपटाच्या जाहिरातफलकाची शैली वापरली आहे. चित्रातील काळ्या चष्म्याच्या दोन काचांमध्ये भूपेन खक्कर व डेव्हिड हॉकनी या दोन चित्रकारांचे चेहरे दिसतात. येथे प्रतिबिंब समोरच्या वस्तूचे नसून चित्रकाराच्या मनातील ऋणानुबंधांचे आहे. मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांनी शिकागो शहरात उभारलेले 'क्लाउड गेट' (२००६) हे चकचकीत पोलादी शिल्प तर भोवतालचे नगर, आभाळ आणि प्रेक्षक यांच्या वक्र प्रतिबिंबांनीच पूर्ण होते.

चित्रणाचे तंत्र

पाण्यातील प्रतिबिंब रंगवताना पुढील गोष्टी चित्रकार ध्यानात ठेवतात.

• प्रतिबिंब वस्तूच्या थेट खाली उभे उतरते. ते सावलीप्रमाणे तिरपे पसरत नाही.
• पाहणाऱ्याकडे झुकलेल्या खांबाचे प्रतिबिंब खांबापेक्षा लांब, तर पाहणाऱ्यापासून दूर झुकलेल्या खांबाचे आखूड दिसते.
• उजळ वस्तूंचे प्रतिबिंब थोडे गडद व गडद वस्तूंचे थोडे उजळ असते. उजळ वस्तूचा काही प्रकाश पाण्यात शिरून कमी होतो. गडद वस्तूच्या प्रतिबिंबात पाण्याचा स्वतःचा रंग मिसळतो.
• काठापासून मागे असलेल्या वस्तूचा खालचा भाग प्रतिबिंबात काठाआड जातो.
• जलरंगात ओल्या कागदावर उभे फटकारे मारून रंग एकमेकांत मिसळू देतात आणि नंतर कोरडे होत आलेल्या रंगातून आडव्या रेषा उचलून पाण्याची पातळी सुचवतात. उभ्या फटकाऱ्यांनी खोली आणि आडव्या रेषांनी पृष्ठभाग जाणवतो.

छायाचित्रणातील प्रतिबिंब

छायाचित्रण आणि आरसा यांचे नाते आरंभापासूनचे आहे. १८३९ साली जाहीर झालेल्या दागेरोटाइप पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या, आरशासारख्या चकचकीत तांब्याच्या पत्र्यावर छायाचित्र उमटत असे. ते सामान्यतः डावे-उजवे उलटलेले असे, आणि ते पाहताना पाहणाऱ्याला त्यात स्वतःचा चेहराही दिसे. एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्यात आरशाच्याच साहाय्याने भिंगातील दृश्य दर्शकापर्यंत पोहोचते. आजच्या मोबाइलचा पुढचा कॅमेराही स्वतःचे छायाचित्र घेताना पडद्यावर आरशासारखी प्रतिमा दाखवतो.

फ्रेंच छायाचित्रकार यूजीन आत्जे याने १९२० च्या दशकात पॅरिसमधील दुकानांच्या काचा टिपल्या. त्यांत काचेमागील पुतळे आणि काचेवर उमटलेला रस्ता एकमेकांत मिसळलेले दिसतात. आंरी कार्तिए-ब्रेसाँ याच्या १९३२ च्या प्रसिद्ध छायाचित्रात साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस व त्याचे प्रतिबिंब यांच्यातील अंतर नाहीसे होण्यापूर्वीचा क्षण गोठला आहे. भारतीय छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी १९९१ साली हावडा येथील पदपथावरील आरशांच्या दुकानाचे रंगीत छायाचित्र टिपले. अनेक आरशांमुळे एकाच रस्त्याचे तुकडे होऊन ते एकाच चौकटीत मांडले गेले आहेत.

छायाचित्रणाचे तंत्र

प्रतिबिंब टिपताना केंद्रीकरणाचे अंतर विशेष महत्त्वाचे असते. छायाचित्रकार आरशापासून १ मीटर अंतरावर उभा असेल, तर त्याच्या प्रतिमेचे अंतर २ मीटर असते. आरशाच्या चौकटीवर भिंग केंद्रित केले तर प्रतिमा अस्पष्ट येऊ शकते. पाण्याच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो. पाण्यावरील पान आणि त्याच्या शेजारी दिसणारा ढग ही दोन वेगवेगळ्या अंतरांवरील दृश्ये असतात.

कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ न्यावा तितका प्रकाश तिरपा होतो आणि प्रतिबिंब ठळक दिसते. रस्त्यावरच्या लहानशा डबक्यात मोबाइल उलटा धरून, भिंग पाण्यालगत आणून संपूर्ण इमारत टिपता येते ती यामुळेच. पहाटेची वेळ अनुकूल मानतात, कारण तेव्हा वारा बहुधा पडलेला असतो. ध्रुवण गाळणीच्या साहाय्याने पाण्यावरील किंवा काचेवरील चकाकी कमी-अधिक करता येते. पाण्याच्या बाबतीत लंबाशी सुमारे ५३ अंशांच्या कोनात तिचा परिणाम सर्वाधिक असतो. धातूवरील प्रतिबिंबावर मात्र तिचा प्रभाव फारसा पडत नाही. ही गाळणी अविचाराने फिरवल्यास जे प्रतिबिंब टिपायचे तेच पुसले जाते.

लासुर्णे व इंदापूर परिसर

लासुर्णे हे गाव इंदापूर तालुक्यात बारामती–इंदापूर मार्गावर वसलेले आहे. तालुक्याच्या उत्तरेस भीमा व दक्षिणेस नीरा या नद्या वाहतात आणि नरसिंहपूर येथे त्यांचा संगम होतो. मूळच्या अवर्षणप्रवण अशा या भागाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या नीरा डाव्या कालव्याने पाणी दिले. ऊस, द्राक्षे व डाळिंबांच्या या प्रदेशात पाणी हे सर्वत्र आढळणारे दृश्य नसून मिळवलेले, मोजून वापरलेले दृश्य आहे. कालव्याला आवर्तन सुटले की काठची बाभळ व आभाळ पाण्यात उतरतात. आवर्तन संपले की ते चित्रही संपते. वाहत्या कालव्यातील प्रतिबिंब कापत, ओढले जात दिसते, तर शेततळ्यात व विहिरीत ते स्थिर असते. त्यामुळे एकाच शिवारात विद्यार्थ्याला प्रतिबिंबाचे निरनिराळे प्रकार अभ्यासता येतात. शेततळ्यांच्या प्लास्टिक कागदाचे उतार अत्यंत निसरडे असतात. त्यावर पाय टाकणे जिवावर बेतू शकते, म्हणून असे निरीक्षण कुंपणाबाहेरूनच करावे.

तालुक्याच्या उत्तर सीमेवर भीमा नदीवरील उजनी धरणाचा 'यशवंतसागर' हा जलाशय आहे. धरण १९८० साली पूर्ण झाले. भिगवण, कुंभारगाव परिसरातील त्याचे उथळ पाणफुगवट्याचे क्षेत्र हिवाळ्यात येणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असून रोहित (अग्निपंख), चित्रबलाक व पट्टकादंब यांची छायाचित्रे घेण्यासाठी येथे दूरदूरहून छायाचित्रकार येतात. उथळ पाण्यात मान खाली घालून, चोच उलटी करून खाणारा रोहित आणि त्याचे प्रतिबिंब मिळून एक सलग आकृती तयार होते. स्थानिक मच्छीमार नावाडी म्हणून पर्यटकांना पाण्यात नेतात. पक्ष्यांचा थवा उडावा म्हणून नाव अंगावर नेणे हे पक्ष्यांना घातक असते, कारण प्रत्येक उड्डाणात त्यांचे खाणे थांबते व शक्ती खर्च होते. शिवाय नाव जवळ गेली की पाणी हलते आणि प्रतिबिंबही मोडते. येथे पक्ष्यांचे हित आणि चांगले छायाचित्र या दोन्ही गोष्टी अंतर राखण्यातच आहेत.

या जलाशयाच्या नितळ पृष्ठभागाखाली अनेक गावांच्या जुन्या वस्त्या व शेती आहे. धरणासाठी गावकऱ्यांना आपली घरे सोडून नव्या गावठाणांत जावे लागले. पळसदेव येथील पळसनाथाचे प्राचीन मंदिर असेच पाण्यात गेले असून उन्हाळ्यात पाणी बरेच खाली गेल्यावर ते उघडे पडते. पाणी ओसरताना मंदिराचे शिखर व त्याचे प्रतिबिंब एकत्र दिसते, आणि हे दृश्य छायाचित्रकारांना आकर्षित करते. पण हे सुंदर दृश्य ज्या वर्षी सर्वांत स्पष्ट दिसते ते वर्ष बहुधा टंचाईचे असते. प्रतिबिंब केवळ पृष्ठभाग दाखवते, खाली काय बुडाले ते दाखवत नाही. या परिसराचे छायाचित्र पाहताना ही मर्यादा लक्षात घेणे आवश्यक ठरते.

सत्यता व खासगीपणा

संगणकीय साधनांमुळे कोणत्याही दृश्याचा वरचा भाग उलटा करून खाली जोडणे सोपे झाले आहे. अशी बनावट प्रतिबिंबे बहुधा ओळखता येतात, कारण खरे प्रतिबिंब पाण्याच्या पातळीखालील दृष्टिकोनातून दिसते आणि ते वरच्या दृश्याची तंतोतंत नक्कल नसते. २०१२ साली जेम्स ओब्रायन व हॅनी फरीद या अमेरिकी संशोधकांनी छायाचित्रातील फेरफार ओळखण्याची एक भौमितिक पद्धत मांडली. सपाट आरशाच्या बाबतीत वस्तूवरील प्रत्येक बिंदू त्याच्या प्रतिबिंबातील बिंदूशी रेषेने जोडला, तर या सर्व रेषा छायाचित्रात एकाच लोपबिंदूकडे जातात. एखादी रेषा तशी जात नसेल तर प्रतिमेत काहीतरी नंतर घातले असल्याचा संशय घेता येतो.

प्रतिबिंब माणसाचा ठावठिकाणाही उघड करू शकते. २०१९ साली जपानमध्ये एका तरुण गायिकेवर हल्ला केल्याप्रकरणी अटक झालेल्या इसमाने, तिच्या छायाचित्रातील डोळ्यांच्या बाहुल्यांत दिसणाऱ्या रेल्वे स्थानकाच्या प्रतिबिंबावरून तिचे राहण्याचे ठिकाण शोधल्याचे सांगितले. चष्मा, खिडकीची काच, स्टीलचे भांडे यांतील प्रतिबिंबांकडे छायाचित्र प्रसिद्ध करण्यापूर्वी लक्ष देणे त्यामुळे आवश्यक झाले आहे.

कलाशिक्षणातील स्थान

महाराष्ट्रातील शासकीय रेखाकला परीक्षांच्या, म्हणजे एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांच्या, अभ्यासक्रमात वस्तुचित्र हा विषय असतो. पितळी तांब्या, स्टीलचा पेला यांसारख्या चकचकीत वस्तूंवर शेजारच्या फळाचे, कापडाचे व खिडकीचे वक्र प्रतिबिंब पडते. विद्यार्थी प्रारंभी तांब्याला 'पितळी रंग' देतो. बारकाईने पाहिल्यावर त्याच्या लक्षात येते की, तांब्याचा म्हणून जो रंग वाटतो त्यातील बराच भाग भोवतालच्या वस्तूंचा असतो. माहीत असलेले न रंगवता दिसणारे रंगवणे, हा निरीक्षणाचा मूलभूत धडा प्रतिबिंबाच्या अभ्यासातून मिळतो. लिओनार्दो दा व्हिंचीनेही चित्रकारांना आपले चित्र अधूनमधून आरशात पाहण्याचा सल्ला दिला आहे. प्रतिमा उलटी झाल्यामुळे सवयीने झाकलेले दोष नव्याने दिसतात.

हेही पाहा

• परावर्तन
• आरसा
• अजिंठा लेणी
• जलरंग
• उजनी धरण
• भिगवण
• लासुर्णे